मुडदूस अजून गेलेला नाही

१९२२ साली हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिकमध्ये केलेल्या पाहणीवर एक दीर्घ लेख इंग्लंडमधल्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. मुडदूस, म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार, नेमका कोणाला होतो आणि का, हा त्यांचा प्रश्न होता. त्या काळी युरोपातल्या वैद्यकात यावरून दोन तट होते. एका तटाच्या मते दोष आहाराचा, दुसऱ्याच्या मते कोंदट, अंधाऱ्या घरांचा. नाशिकला जे दिसलं, ते निव्वळ आहाराकडे बोट दाखवणाऱ्यांना अडचणीत टाकणारं होतं. शेतावर राबणाऱ्या गरिबांच्या ताटात फारसं काही नव्हतं, पण त्यांची मुलं दिवसभर उघड्यावर असत आणि त्यांच्यात मुडदूस जवळजवळ आढळत नव्हता. उलट पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांत वाकलेल्या पायांची मुलं होती, आणि हाडं मऊ पडलेल्या मुली नि बायका होत्या.

त्याआधी तीनच वर्षं बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवून बरं केलं होतं, तर इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना कॉड माशाच्या यकृताचं तेल पाजून. दोघांचंही बरोबर होतं. कातडीत तयार होणारं आणि माशाच्या तेलात असलेलं द्रव्य एकाच कामाचं आहे, हे नंतर उलगडलं. १९२२ सालीच अमेरिकेत मॅकॉलम यांनी तेलातल्या द्रव्याला ड जीवनसत्त्व हे नाव दिलं.

शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट सांगण्याचं कारण असं, की ड जीवनसत्त्वाबद्दल आपल्याकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत प्रचंड बोललं गेलं, पण त्या बोलण्यातून मुडदूस गायब झाला. चर्चा असते थकव्याची, केस गळण्याची, पाठदुखीची, प्रतिकारशक्तीची. मध्यमवर्गीय घरात प्रत्येकाला आपला ‘डी थ्री’चा आकडा माहीत असतो, फ्रीजवर सॅशेची चिठ्ठी लावलेली असते. ज्या बाळाची टाळू दीड वर्ष उलटलं तरी भरत नाही, ज्याची मनगटं रुंद दिसतात, जे उशिरा चालायला लागतं आणि चालू लागल्यावर ज्याचे पाय बाहेर वाकतात, ते बाळ मात्र या चर्चेत कुठेच नसतं. माझं म्हणणं सरळ आहे: ड जीवनसत्त्वावर होणारा खर्च आणि दिलं जाणारं लक्ष चुकीच्या जागी चाललं आहे. धडधाकट प्रौढांच्या रक्ततपासण्या थांबवून तो पैसा आणि ती शक्ती बाळांकडे, गर्भवतींकडे आणि घरात कोंडलेल्या मुलीबायकांकडे वळवायला हवी.

हे द्रव्य शरीरात करतं काय, ते आधी पाहू. उन्हातल्या ठरावीक लांबीच्या अतिनील किरणांनी कातडीतल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका पदार्थाचं ड जीवनसत्त्व बनतं. यकृतात त्याचं एक रूप होतं. रक्ततपासणीत मोजतात ते हेच. मग मूत्रपिंडात त्याचं कामाचं, संप्रेरकासारखं रूप तयार होतं, आणि ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम शोषून घ्यायला लावतं. ड जीवनसत्त्व पुरेसं असेल तर अन्नातलं ३० ते ४० टक्के कॅल्शियम शोषलं जातं, नसेल तर १०–१५ टक्क्यांवर काम थांबतं. रक्तातलं कॅल्शियम घसरू देणं शरीराला परवडत नाही, कारण त्यावर हृदय आणि मज्जातंतू चालतात. मग ते हाडांतून काढलं जातं. तान्ह्या बाळात तेवढंही जमलं नाही, तर झटके येतात. वाढत्या मुलात मुडदूस होतो. मोठ्या बाईत हाडं मऊ होतात, मांड्यांतली ताकद जाते, खाली बसलेल्याला हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही. मुलगी लहान असताना कमरेचं हाड वाकलं, तर पुढे तिचं बाळंतपण अडतं. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हे होतं, यावर वैद्यकात वाद नाही.

वाद आहे तो याच्या पलीकडच्या दाव्यांवर. हृदयविकार, कर्करोग, मधुमेह, नैराश्य, क्षय अशा जवळजवळ प्रत्येक आजाराच्या रुग्णात ड जीवनसत्त्व कमी आढळलं, आणि त्यावरून ते दिलं तर आजार टळेल अशी आशा उभी राहिली. पण आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो आणि त्यामुळेही त्याचं ड जीवनसत्त्व उतरतं. कारण कोणतं, परिणाम कोणता, हे ठरवायला मोठ्या चाचण्याच हव्या होत्या. त्या झाल्या. अमेरिकेत जवळजवळ २६ हजार लोकांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व किंवा तसंच दिसणारं पोकळ औषध देण्यात आलं. कर्करोग आणि हृदयविकार कमी झाले नाहीत, आणि २०२२ मध्ये कळलं की अस्थिभंगही कमी झाले नाहीत. ऑस्ट्रेलियात २१ हजारांहून अधिक ज्येष्ठांना पाच वर्षं दर महिन्याला ६० हजार युनिट दिले गेले, मृत्यूदर बदलला नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो: या लोकांना मुळात फारशी कमतरता नव्हती, मग फायदा दिसणार कसा? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच मला मंगोलियातली चाचणी सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथे ८,८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला ड जीवनसत्त्व किंवा पोकळ गोळी दिली गेली, आणि त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक मुलांत सुरुवातीला खरोखर कमतरता होती. रक्तातला आकडा छान वर गेला. क्षयाचा संसर्ग मात्र कमी झाला नाही. अजून काही दारं उघडी आहेत. अमेरिकेतल्या त्याच मोठ्या चाचणीत शरीरानेच शरीरावर उलटण्याचे आजार थोडे कमी आढळले, त्याचा शोध पुढे चालू राहावा. पण तेवढ्यावर निरोगी माणसाला दर वर्षी सुई टोचून आकडा काढायला सांगणं समर्थनीय ठरत नाही.

तो आकडाही नीट समजून घेऊ. २०११ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने असं ठरवलं की रक्तात मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम असेल तर जवळजवळ सगळ्यांची गरज भागते. सरासरी माणसाची गरज त्याहून कमी पातळीलाच भागते. त्याच वर्षी अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संघटनेने, एंडोक्राइन सोसायटीने, ३० ही रेघ आखली. आपल्या प्रयोगशाळांनी ३०ची रेघ उचलली, आणि आजार काडीमात्र न बदलता कोट्यवधी भारतीय एका रात्रीत ‘कमतरता असलेले’ झाले. २०२४ मध्ये त्याच संघटनेने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढून ३०ची रेघ सोडून दिली आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नका असं सांगितलं. आपल्याकडच्या ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजांत मात्र ती तपासणी आजही मोठ्या अक्षरांत असते आणि छापील अहवालात ३०च्या खालचा प्रत्येक आकडा ठळक केलेला असतो. आमच्या सोसायटीतल्या शिबिरानंतर निम्मे लोक चिंतेत पडले होते. त्यात गच्चीवर रोज वाळवणं घालणाऱ्या, दणकट तब्येतीच्या आजीही होत्या.

ही चिंता निरुपद्रवी नाही. आठवड्याला एक असं आठ आठवडे घ्यायचं ६० हजार युनिटचं सॅशे कित्येक जण वर्षानुवर्षं घेत राहतात, कारण थांबा असं कोणी सांगितलेलं नसतं. सहा-सहा लाख युनिटची इंजेक्शनं पुन्हा पुन्हा दिल्यामुळे रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण काश्मीरमधल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर वर्षाला एकदम पाच लाख युनिट देण्याचा प्रयोग झाला, तेव्हा औषध घेतलेल्या बायका अधिक वेळा पडल्या आणि त्यांची हाडं अधिक मोडली. हाडं वाचावीत म्हणून दिलेल्या औषधाने हे केलं. थोडं आणि नियमित, हाच या जीवनसत्त्वाचा न्याय आहे.

मग ऊन? भारतात बारा महिने ऊन असताना औषध कशाला, असं म्हणणारे भेटतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण आपल्या घराघरांत जी समजूत रुजली आहे, ती इथे आड येते. बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात न्यायचं, कडक ऊन लागू द्यायचं नाही. कोवळ्या उन्हाने बाळाला ऊब मिळते, आईला चार क्षण मोकळी हवा मिळते, पण ड जीवनसत्त्व फार थोडं बनतं. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण वातावरणाच्या जाड थरातून तिरपे येतात आणि कामाचे अतिनील किरण वाटेतच अडतात. ढोबळ खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच कातडीचं काम चालतं. म्हणजे साधारण दहा-अकरापासून दुपारी दोन-तीनपर्यंत. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन या कामाला निरुपयोगी, कारण काच नेमके तेच किरण अडवते. आपली कातडी सावळी, तिला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता या वेळेला कोण बाहेर असतं ते बघा. शेतमजूर, गवंडी, भाजीवाली, रस्त्यावर डांबर ओतणारे. दिल्लीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टरांपेक्षा सैनिकांचं ड जीवनसत्त्व चांगलं निघालं, आणि तिरुपती परिसरातल्या पाहण्यांत शहरी लोकांपेक्षा शेतावरच्यांचं. दुपारी अकरा ते दोन या वेळात शाळकरी मूल वर्गात असतं, कारकून कचेरीत, घरकाम करणारी बाई कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, आणि कॉलेजातली मुलगी रापू नये म्हणून स्कार्फ, हातमोजे घालून स्कूटरवर. ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’ हे वाक्य मराठी घरांत जितक्या सहज बोललं जातं, तितकं नुकसान दुसऱ्या कुठल्या सल्ल्याने मुलींच्या हाडांचं केलं नसेल. दुसरीकडे विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर असताना दुपारच्या उन्हात बसा असं सांगणं हा जिवाशी खेळ होईल. म्हणून उन्हाचा सल्ला ऋतू पाहून दिला पाहिजे, आणि तो एकट्या व्यक्तीला देऊन भागत नाही. दसऱ्यापासून होळीपर्यंत शाळांनी खेळाचा तास सकाळच्या पहिल्या तासाऐवजी मधल्या सुट्टीला जोडला, तर त्याला एक रुपयाही लागणार नाही. शिक्षण विभागाने एका परिपत्रकाने करावं असं हे काम आहे.

शहरांत मात्र मुळात ऊन जमिनीवर उतरतंय का, हा प्रश्न आधी येतो. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम हिरिरीने मांडला. त्याचा सोपा अर्थ असा, की दोन इमारतींमध्ये जेवढी मोकळी जागा, तिच्या साधारण दुप्पट उंचीपर्यंतच बांधावं. शंभर वर्षांनी त्याच मुंबईत गोवंडीच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींमध्ये बहुमजली इमारती अवघ्या तीन मीटर अंतराने उभ्या केल्या गेल्या. ऑर यांच्या हिशोबाने तीन मीटरला दोन मजले पुरे. या वसाहतींत डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने केलेल्या अभ्यासाचा विषय क्षयरोग होता आणि त्यात उजेड-हवेच्या अभावाचा संबंध क्षयाशी दिसला. ड जीवनसत्त्व तिथे कोणी मोजलं नव्हतं. पण ज्या बोळात दिवसाही दिवा लावावा लागतो, तिथे खेळणाऱ्या मुलाच्या कातडीला काय मिळत असेल, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. दिल्लीत तर तेही मोजलं गेलं. मोरी गेटजवळच्या धुरकट वस्तीतल्या तान्ह्या आणि लहान मुलांच्या रक्तात सरासरी १२ नॅनोग्रॅम होते आणि त्या वेळच्या मोकळ्या गुडगावातल्या मुलांच्या रक्तात २७. २००२ साली प्रसिद्ध झालेला हा फरक मुख्यतः हवेतल्या धुराचा होता. आईबाप एकाच काळजीचे, मुलं एकाच वयाची.

तेव्हा ऊन हवं, पण सगळ्यांना पुरेसं मिळेल अशी नगररचना उद्या होणार नाही, आणि बाळाचं हाड तोवर थांबणार नाही. अन्नातून मिळेल म्हणावं तर नेहमीच्या मराठी जेवणात ड जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. चरबीयुक्त मासे आणि अंड्याचा पिवळा बलक सोडला तर फारसं काही सापडत नाही. शाकाहारी घरात तेही नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये, ऊन कमी मिळतं असं धरून, प्रौढांसाठी रोजची शिफारस ६०० युनिट ठेवली. म्हणजे अन्नात बाहेरून घालण्याला पर्याय उरत नाही. लोहमिश्रित तांदळावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि त्यातले काही आक्षेप मला पटतात, कारण लोह अन्नातून मिळवण्याचे मार्ग आहेत आणि काही आजारांत जादा लोह घातक ठरतं. ड जीवनसत्त्वाला तो आक्षेप लागू होत नाही. इथे आहार सुधारा म्हणून भागत नाही, सुधारलेल्या आहारातही ते नसतं.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दूध आणि खाद्यतेलात अ आणि ड जीवनसत्त्व घालण्याची मानकं आखलेली आहेत. लिटरभर दुधात २०० ते ३०० युनिट, तर रोजच्या २५ ग्रॅम तेलातून ११० ते १६० युनिट मिळतील इतकं हे प्रमाण आहे. अर्धा लिटर दूध आणि नेहमीचं तेल धरलं तरी दिवसाला फार तर ३१० युनिट होतात, तेव्हा जादा होईल ही भीती निराधार आहे. खरी अडचण वेगळी आहे: घालायचं की नाही, हे उत्पादकाच्या इच्छेवर सोडलं आहे. फिनलंडने २००३ पासून दूध आणि पावाला लावायच्या लोण्यासारख्या पदार्थांत ड जीवनसत्त्व घालायला घेतलं, २०१० मध्ये प्रमाण दुप्पट केलं, आणि २००० ते २०११ या काळात तिथल्या प्रौढांची सरासरी साधारण १९ वरून २६ नॅनोग्रॅमवर गेली. कोणी कोणाची तपासणी केली नाही, कोणाला चिठ्ठी दिली नाही. आपल्याकडे गरिबाच्या घरात दूध चहापुरतं येतं, म्हणून माझा भर तेलावर आहे. महाराष्ट्रात २०२२च्या दिवाळीपासून सणासुदीला ‘आनंदाचा शिधा’ वाटला गेला, त्यात लिटरभर पामतेल होतं. सरकार स्वतः खरेदी करतं त्या प्रत्येक तेलात, अंगणवाडीच्या आणि शालेय पोषण आहाराच्या तेलासकट, ड जीवनसत्त्व सक्तीचं करायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही. सुटं आणि घाण्याचं तेल यातून सुटेल हे खरं. त्यासाठी बाकीचं अडवून धरण्याचं कारण नाही.

एक गोष्ट इथे विसरली जाते. कॅल्शियमच पोटात गेलं नाही, तर ड जीवनसत्त्व शोषणार काय? नायजेरियात भरपूर ऊन असूनही मुडदूस आढळायचा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिथली मुलं कॅल्शियमने सुधारली, एकट्या ड जीवनसत्त्वाने तितकी सुधारली नाहीत. पुण्यातल्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी गरीब घरांतल्या लहान मुलांना वर्षभर ड जीवनसत्त्वाबरोबर लाडू खायला दिले. ज्यांच्या लाडवात कॅल्शियम वाढवलेलं होतं त्यांच्या हाडांत खनिज अधिक भरलं. लाडू मुलं आवडीने खातात, अंगणवाडीत वळता येतो, नाचणी आणि तीळ आपल्याकडे पिकतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामावर राज्याच्या पोषण योजना अजून का उभ्या राहिल्या नाहीत, हे मला समजत नाही.

गर्भवतींसाठी निदान कागदावर सोय आहे. केंद्राच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज कॅल्शियमच्या दोन गोळ्या द्यायच्या, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व. या गोळ्या उपकेंद्रात कायम असतात का, आणि बाई त्या घरी नेऊन खरंच घेते का, याचा हिशोब ग्रामसभेत मागितला पाहिजे. बाळांसाठी मात्र देशभर सर्वांना मिळेल अशी व्यवस्थाच नाही. आईच्या दुधात जवळजवळ सगळं असतं, पण ड जीवनसत्त्व नगण्य असतं. त्यात आईलाच कमतरता असेल तर बाळ रिकाम्या साठ्यानिशी जन्माला येतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिट थेंब द्या असं सांगते. खासगी डॉक्टरकडे जाणाऱ्या बाळाला ते लिहून मिळतात. सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला अ जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यापासून नियमाने मिळतो, ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचं तसं नाही.

तुर्कस्तानने २००५ मध्ये हेच केलं. प्रत्येक बाळाला वर्षभर रोज ४०० युनिट फुकट. एर्झुरुम भागात १९९८ साली लहान मुलांतला मुडदूस सहा टक्क्यांच्या आसपास होता, २००८ मध्ये तो ०.१ टक्क्यावर आला. त्यासाठी नवी रुग्णालयं उभारली नव्हती.

आपल्याकडे पोहोचवणारे हात तयार आहेत. आशाताई जन्मानंतर तिसऱ्या दिवशी घरी जाते, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी तिची फेरी असते. तिसऱ्या दिवशीच्या फेरीत तिच्या पिशवीत थेंबांची बाटली असावी, आईला ड्रॉपरची खूण दाखवून द्यावी, आणि सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या लसीकरणाला बाटली बघून नवी द्यावी. हे काम तिच्या आधीच्या कामांवर फुकटात लादायचं नाही. प्रत्येक बाळामागे त्याचा वेगळा मोबदला ठरवून तो वेळेवर तिच्या खात्यात जमा व्हायला हवा. राज्याच्या पुढच्या अर्थसंकल्पात या दोन ओळी, थेंबांची खरेदी आणि आशांचा मोबदला, आपल्या आमदारांकडून मागून घ्यायच्या आहेत.